खुन्यांना माफी : कोणत्या कसोटीवर?

कॉम्रेड ख्रिस हानी यांचा खुनी यानुश वालुश याची डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून त्याच्या मायदेशी, पोलंडला, रवानगी झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने त्याला पॅरोलवर सोडण्याचा आदेश दिला होता. पॅरोलची दोन वर्षे संपली आणि तो मोकळा झाला. या निमित्ताने एक जुना सूर पुन्हा ऐकू येतो. वर्णभेदाच्या काळातील कितीतरी खुन्यांना माफी मिळाली, मग १९९९ मध्ये वालुश आणि त्याचा साथीदार क्लाइव्ह डर्बी-लुईस या दोघांनाच ती का नाकारली गेली? कम्युनिस्टांना समेट नको होता, सूड हवा होता, असा या मंडळींच्या बोलण्याचा मथितार्थ असतो.

हा आरोप केवळ दक्षिण आफ्रिकेच्या पक्षावर आहे असे समजून आपण तो कानाआड करू नये. राजकीय संघर्षात झालेल्या हत्यांना माफी द्यावी काय, दिल्यास कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न जगातील प्रत्येक लढाऊ पक्षापुढे आज ना उद्या उभा राहतो. त्याचे उत्तर भावनेच्या भरात देता येत नाही आणि उदारमतवादी उपदेशाच्या आधारे तर मुळीच देता येत नाही.

सौदा कोणता होता?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९० नंतर दक्षिण आफ्रिकेत वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा गोऱ्या राजवटीचा पराभव रणांगणावर झालेला नव्हता. लष्कर, पोलीस आणि गुप्तहेर खाते तिच्याच हाती होते. सरसकट माफी मिळावी, कोणी काय केले याची चौकशीच होऊ नये, ही त्या राजवटीची अपेक्षा होती. याउलट १९९२ मध्ये पक्षाच्या सैद्धांतिक नियतकालिकात कॉ. जो स्लोव्हो यांनी तडजोडीच्या मर्यादा स्पष्ट करणारा लेख लिहिला. त्यात त्यांनी माफीची तयारी दाखविली, पण एका अटीवर : ज्याला माफी हवी त्याने आपली कृत्ये संपूर्णपणे उघड केली पाहिजेत. हे लिहिणाऱ्या माणसाची पत्नी, कॉ. रूथ फर्स्ट, १७ ऑगस्ट १९८२ रोजी मापुतोच्या विद्यापीठात टपालातून आलेल्या बॉम्बने मारली गेली होती. सूडाचा अधिकार कोणाला असेल तर तो स्लोव्हो यांना होता. त्यांनी सत्य मागितले.

१९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या समारोपात माफीची तरतूद आली आणि १९९५ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्याने सत्य व समेट आयोग व त्याची माफी समिती स्थापन झाली. कायद्याच्या अटी स्पष्ट होत्या. १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातील कृत्य असावे. ते राजकीय उद्दिष्टाशी निगडित असावे. वैयक्तिक लाभासाठी किंवा वैयक्तिक द्वेषापोटी केलेल्या कृत्याला माफी नाही. अर्जदाराने सर्व संबंधित वस्तुस्थितीचे संपूर्ण निवेदन करावे. उद्दिष्ट राजकीय होते की नाही हे ठरविताना समितीने हेतू, प्रसंग, कृत्याचे गांभीर्य, लक्ष्य कोण होते, हुकूम कोणाचा होता आणि उद्दिष्टाच्या मानाने कृत्याचे प्रमाण काय होते, हे सर्व पाहावयाचे होते. पश्चात्तापाची अट मात्र कायद्यात नव्हती. अश्रू ढाळून माफी मिळत नव्हती आणि अश्रू न ढाळल्याने ती हुकतही नव्हती.

बळी गेलेल्यांकडून घेतलेली किंमत मोठी होती. माफी मिळालेल्या खुन्यावर फौजदारी खटला नाही आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही नाही. स्टीव्ह बिको आणि ग्रिफिथ्स म्क्सेंगे यांच्या कुटुंबीयांनी या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. जुलै १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने, न्यायमूर्ती इस्माइल महंमद यांच्या निकालपत्राद्वारे, कायदा वैध ठरविला. त्यामागील तर्क असा होता की माफीचे आमिष नसेल तर अंधारात दडलेले सत्य बाहेर येणार नाही. म्हणजे विधवांचा आणि पोरक्या मुलांचा न्याय मागण्याचा हक्क काढून घेतला गेला आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना सत्याचे वचन दिले गेले. सत्य लपविणाऱ्याला माफी देणे म्हणजे मोबदला न देता मालमत्ता हडप करणे होय, हे या व्यवहाराचे मर्म आहे.

हानी यांच्या खुन्यांचा अर्ज

१० एप्रिल १९९३ रोजी, ईस्टरच्या सुट्टीत, बॉक्सबर्गमधील डॉन पार्क येथे राहत्या घराच्या दारात कॉ. हानी यांना गोळ्या घालण्यात आल्या. ते दक्षिण आफ्रिकी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते आणि कृष्णवर्णीय तरुणांत त्यांच्याइतका लोकप्रिय नेता मंडेला यांच्याखेरीज दुसरा नव्हता. शेजारच्या एका गोऱ्या स्त्रीने मोटारीचा क्रमांक टिपून पोलिसांना कळविला, म्हणून वालुश सापडला. पिस्तूल पुरविणारा डर्बी-लुईस हा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा माजी खासदार होता. पिस्तूल हवाई दलाच्या शस्त्रागारातून चोरलेले होते. वालुशच्या घरात नऊ नावांची यादी सापडली. त्यात मंडेला, स्लोव्हो आणि हानी ही नावे होती. देश पेटवून देऊन निवडणुका उधळून लावाव्यात, हा कटाचा हेतू होता. तो फसला, कारण संघटित जनतेने शिस्त सोडली नाही. २७ एप्रिल १९९४ रोजी निवडणुका झाल्याच.

या दोघांनी माफी मागितली, तेव्हा हानी कुटुंबाने आणि पक्षाने विरोध केला. ज्येष्ठ वकील जॉर्ज बिझोस यांनी त्यांची उलटतपासणी घेतली. एप्रिल १९९९ मध्ये समितीने अर्ज फेटाळले. कारणे दोन. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या वतीने कृती केली हा त्यांचा दावा टिकला नाही, कारण त्या पक्षाने हत्येचे धोरण स्वीकारले नव्हते आणि डर्बी-लुईस याला तसा अधिकार दिलेला नव्हता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : ती यादी कशासाठी तयार केली, पिस्तूल कशासाठी मिळविले, याविषयी त्यांनी खरे सांगितले नाही. यादी पत्नीच्या वृत्तपत्रीय कामाची होती, अशा थाटाच्या सबबी पुढे करण्यात आल्या. ताकास तूर लागू न देता माफी पदरात पाडून घेण्याचा हा प्रयत्न होता.

टीकाकार येथे एमी बील हिचे उदाहरण पुढे करतात. ही अमेरिकन विद्यार्थिनी ऑगस्ट १९९३ मध्ये गुगुलेथू वस्तीत जमावाकडून मारली गेली. तिच्या चार मारेकऱ्यांना १९९८ मध्ये माफी मिळाली. निःशस्त्र मुलीच्या खुन्यांना माफी आणि हानींच्या खुन्यांना नाही, हा कोणता न्याय? असा प्रश्न विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ते तरुण पॅन आफ्रिकनिस्ट चळवळीच्या विद्यार्थी संघटनेच्या प्रभावाखालील होते. नुकत्याच झालेल्या सभेतील घोषणांनी पेटून ते बाहेर पडले होते. आपण काय केले ते त्यांनी सांगितले आणि समितीला त्यात लपवाछपवी आढळली नाही. बील हिच्या आईवडिलांनीही विरोध केला नाही. हा निर्णय कोणाला पटो न पटो, एका निरपराध मुलीवरील तो हल्ला राजकीय लढा म्हणून गौरविण्यासारखा मुळीच नाही. परंतु कसोटी तीच होती, आणि त्या कसोटीवर एका अर्जदाराने सांगितले व दुसऱ्याने लपविले, हा फरक खोटा नाही. सुशिक्षित माजी खासदाराला सत्य सांगता येत नव्हते काय? येत होते. त्याला ते सांगावयाचे नव्हते.

कसोटी आपल्यालाही तीच

दुसरा सूर ‘दोन्ही बाजू सारख्याच’ म्हणणाऱ्यांचा. वर्णभेद हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७३ च्या करारातच नमूद केले होते. कोट्यवधी माणसांना त्यांच्याच देशात परके करणारी राजवट आणि तिच्याविरुद्ध शस्त्र उचलणारी जनता यांना एका पारड्यात घालणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. त्याविषयी आपल्या मनात संदेह नाही.

तथापि संघर्ष न्याय्य होता म्हणून त्यातील प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाही, आणि सत्य सांगण्याच्या अटीतून आपली माणसे सुटत नाहीत. जून १९८६ मध्ये दरबानच्या एका मद्यालयाबाहेर रॉबर्ट मॅकब्राइड आणि साथीदारांनी ठेवलेल्या बॉम्बने तीन स्त्रिया मेल्या. त्यांनाही समितीपुढे यावे लागले आणि २००१ मध्ये माफी मिळाली. याहून बोधप्रद प्रसंग १९९७ चा आहे. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ३७ नेत्यांनी कोणतेही विशिष्ट कृत्य न सांगता सामूहिक जबाबदारी घेऊन अर्ज केले आणि समितीने ते मंजूर करून टाकले. १९९८ मध्ये न्यायालयाने ही माफी रद्द केली, आणि ते योग्यच झाले. कृत्य न सांगता माफी हा पायंडा मुक्तिलढ्याच्या नेत्यांनी पाडला असता, तर उद्या प्रत्येक पोलीस सेनानी त्याच दारातून बाहेर पडला असता. विजयी पक्षाने आपल्यासाठी सूट मागितली की पराभूत शत्रूला ती आयतीच मिळते.

आपल्यातील काही साथींचे म्हणणे याच्या नेमके उलट असते. वर्गशत्रूच्या मारेकऱ्यांना माफी देणे हीच मुळात गद्दारी, असे ते म्हणतात. त्यांची चीड आपण समजू शकतो. परंतु म्क्सेंगे यांच्या हत्येचे उदाहरण घ्या. १९८१ मध्ये या वकिलाला चाळीसहून अधिक वार करून मारण्यात आले आणि तो दरोडा भासविण्यात आला. मृत्युपथके चालविणारा डर्क कुत्सिया आणि त्याचे दोन हस्तक यांनी तोंड उघडले नसते, तर तो दरोडाच राहिला असता. १९९७ मध्ये त्यांना माफी मिळाली. कुटुंबीयांना ती असह्य होती, आणि त्यांचा विरोध पूर्णपणे न्याय्य होता. पण त्या कबुलीजबाबांतून सुरक्षा पोलिसांचे अख्खे खुनी यंत्र जगासमोर उघडे पडले, हेही नाकारता येणार नाही. सत्य बाहेर काढणारी माफी ही शत्रूच्या राज्ययंत्रावरच केलेला घाव असते.

तराजू कोठे चुकला?

मग समितीचे सर्व निर्णय बरोबर होते काय? नाही. रूथ फर्स्ट यांच्या हत्येचा सूत्रधार क्रेग विल्यमसन याला २००० मध्ये माफी मिळाली. याच माणसाने जून १९८४ मध्ये अंगोलातील लुबांगो येथे पाठविलेल्या बॉम्बने जेनेट शून आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी काट्रिन ठार झाल्या. त्यासाठीही माफी! कुटुंबीयांनी या अर्जांना विरोध केला, कारण खरे लक्ष्य कोण होते याविषयी अर्जदारांनी दिलेली उत्तरे सोयीस्करपणे धूसर होती. आयुष्यभर हेरगिरी केलेल्या अधिकाऱ्याची स्मरणशक्ती नेमकी कळीच्या प्रश्नावर दगा देते, यावर समितीने विश्वास ठेवला. घरात टपाल कोण उघडील हे ठाऊक नसताना स्फोटक पाठविणाऱ्याने मुलाबाळांचा मृत्यू गृहीतच धरलेला असतो. कृत्याच्या प्रमाणाची कसोटी कायद्यात होती. सहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला कोणते राजकीय उद्दिष्ट प्रमाणशीर ठरते? हानी प्रकरणात लावलेली काटेकोर कसोटी येथे सैल सुटली, हीच आपली तक्रार आहे. ज्या कसोटीने हानींच्या खुन्यांना परत पाठविले, तीच कसोटी येथेही लागावयास हवी होती.

जे आलेच नाहीत

परंतु खरा घात समितीच्या दालनात झाला नाही. तो तिच्या बाहेर झाला. सात हजारांवर अर्ज आले आणि बहुसंख्य फेटाळले गेले. सौद्याचा दुसरा भाग असा होता की ज्यांना माफी नाकारली गेली आणि ज्यांनी ती मागितलीच नाही, त्यांच्यावर खटले भरावयाचे. आयोगाने सुमारे ३०० प्रकरणे सरकारी वकिलांकडे सोपविली. त्यांचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले.

सप्टेंबर १९७७ मध्ये कोठडीत मारल्या गेलेल्या बिको यांच्या प्रकरणात पोलिसांचे अर्ज १९९९ मध्ये फेटाळले गेले. २००३ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय जाहीर झाला. जून १९८५ मध्ये क्रॅडॉकच्या मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्खोन्टो व सिसेलो म्हलौली या चौघा कार्यकर्त्यांची हत्या झाली. सहा पोलीस अधिकाऱ्यांना माफी नाकारली गेली, पण त्यांच्यापैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

कॉ. अहमद तिमोल यांचे प्रकरण आपल्याला अधिक जवळचे आहे. भारतीय वंशाचे हे शिक्षक कम्युनिस्ट पक्षाचे भूमिगत कार्यकर्ते होते. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून ते खाली पडले. १९७२ च्या चौकशीने ती आत्महत्या ठरविली. या मृत्यूबद्दल कोणीही माफी मागितली नाही. कुटुंबीयांनी चिकाटी सोडली नाही आणि २०१७ मध्ये न्यायालयाने हा खून होता असा निष्कर्ष दिला. २०१८ मध्ये माजी पोलीस जोआव रॉड्रिग्स याच्यावर आरोप ठेवण्यात आला. खटला कायमचा थांबवावा ही त्याची मागणी २०१९ मध्ये फेटाळताना उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत राजकीय हस्तक्षेप झाल्याची नोंद केली. २०२१ मध्ये तो मेला. खटला उभा राहिलाच नाही.

हा हस्तक्षेप मुक्तिलढ्यातून सत्तेवर आलेल्या सरकारच्या काळातला आहे. त्या सरकारच्या आघाडीत कम्युनिस्ट पक्षही होता, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भांडवलदारांची मालमत्ता, खाणी आणि जमिनी सुरक्षित ठेवणाऱ्या तडजोडीत जुन्या सेनानींची निद्राही सुरक्षित ठेवली गेली. परिणाम काय झाला? ज्याने सत्य सांगितले त्याला माफी मिळाली, पण चारचौघांत मान खाली घालावी लागली. ज्याने मौन पाळले त्याला काहीही न देता तेच स्वातंत्र्य आणि वर पेन्शन मिळाली. हुकूम पाळणारा यूजीन डी कॉक २०१५ पर्यंत तुरुंगात होता. हुकूम देणाऱ्या मंत्र्यांपैकी एकही तुरुंगात गेला नाही. माजी पोलीसमंत्री एड्रियन व्लोक यांना २००७ मध्ये विषप्रयोगाच्या एका प्रकरणात शिक्षा झाली, तीही स्थगित! प्याद्यांचा बळी देऊन वजीर वाचविण्याची ही रीत वर्गसमाजाला नवी नाही.

२०२५ मध्ये बिको आणि क्रॅडॉक प्रकरणांच्या न्यायालयीन चौकशा पुन्हा सुरू झाल्या आणि खटले कोणी अडविले हे शोधण्यासाठी न्यायमूर्ती सिसी खंपेपे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. हे श्रेय सरकारचे नव्हे. चार-चार दशके दारे ठोठावणाऱ्या कुटुंबांचे आहे.

पॅरोल म्हणजे माफी नव्हे

वालुशच्या सुटकेकडे आता नीट पाहता येईल. शिक्षेतील ठराविक काळ भोगलेल्या कैद्याला कायद्याप्रमाणे पॅरोल देय आहे आणि तो नाकारण्याचा मंत्र्यांचा निर्णय तर्कसंगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. लिम्पो हानी आणि पक्ष यांनी याचा तीव्र निषेध केला. त्यांचा संताप शंभर टक्के समजण्यासारखा आहे. सुटकेच्या तोंडावर वालुशवर तुरुंगात चाकूहल्ला झाला. तो मात्र आपला मार्ग नाही. पॅरोलने त्याचा अपराध पुसला गेलेला नाही. तो दोषी खुनी म्हणूनच पोलंडला गेला. खरी व्यथा निराळी आहे : ती नऊ नावांची यादी, ते शस्त्रागारातील पिस्तूल आणि त्यांच्या मागे उभे असलेले हात यांविषयीचे सत्य तो बरोबर घेऊन गेला. डर्बी-लुईस २०१६ मध्ये ते घेऊन मेला.

आपल्या देशात शिक्षा माफ करण्याचा अधिकार कसा वापरला जातो, हेही या प्रकाशात पाहावे. २००२ च्या गुजरात हत्याकांडातील सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या एका खटल्यात मुंबईच्या न्यायालयाने शिक्षा दिलेल्या ११ जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतीपूर्वी सोडले. त्यांनी कोणते सत्य सांगितले? कोणाच्या चिथावणीवरून केले ते उघड केले? पीडितेला उलटतपासणीची संधी मिळाली? यांपैकी काहीच नाही. हार मात्र घातले गेले. कॉ. सुभाषिनी अली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, पीडितेनेही घेतली, आणि ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द झाली. हा निर्णय गुजरात सरकारच्या अधिकारातला नव्हताच, खटला चालला त्या महाराष्ट्राच्या सरकारचा तो अधिकार होता, असे न्यायालयाने सांगितले. सत्तेच्या मर्जीने दिलेली माफी आणि सत्याच्या मोबदल्यात दिलेली माफी यांतील अंतर याहून स्पष्ट होणार नाही.

तेव्हा आपली भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. माफीच्या अर्जाचे वजन अर्जदाराच्या अश्रूंनी, त्याच्या वयाने किंवा त्याच्या झेंड्याच्या रंगाने करावयाचे नाही. कृत्य सांगितले काय, हुकूम देणाऱ्याचे नाव सांगितले काय, बळी गेलेल्यांच्या माणसांना प्रश्न विचारू दिले काय, आणि जे केले त्याचे उद्दिष्टाशी काही प्रमाण होते काय, हेच पाहावयाचे. जो या कसोटीस उतरेल त्याची माफी कडू घोट म्हणून आपण गिळू, जशी तयारी स्लोव्हो यांनी दाखविली होती. जो उतरणार नाही, त्याच्यावर खटला चाललाच पाहिजे, मग तो शिपाई असो वा मंत्री. या दुसऱ्या वचनाशिवाय पहिले वचन फसवणूक ठरते. कॉ. हानी यांच्या खुन्यांना १९९९ मध्ये दिलेला नकार हा समेटाला दिलेला नकार नव्हता. समेटाच्या शर्ती पाळल्या जाव्यात, एवढीच त्या नकारामागची मागणी होती, आणि ती आजही पुरी व्हावयाची आहे.